डब्यात दोन पोळ्या राहतात, मॅडम

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवण्याची केंद्राची घोषणा झाल्यापासून आपल्या पानांवर या विषयावर बरंच छापून येतंय. शाळांना किती संगणक मिळणार, वीज टिकणार का, शिक्षकांचं प्रशिक्षण कोण घेणार, सगळं वाचलं. एका तंत्रनिकेतनात चोवीस वर्षं सी-प्रोग्रामिंग शिकवणारी बाई म्हणून मला यात एक प्रश्न राहून गेल्यासारखा वाटतो. प्रोग्रामिंग शिकताना पोरांचं नेमकं कुठं अडतं, याचा अभ्यास करणारी माणसं आपल्याकडे बसतात कुठे? 'बसतात कुठे' हे मी शब्दशः विचारतेय. कोणत्या विभागात, कोणत्या खोलीत, कोणत्या पदावर?

डब्यापासून सुरुवात करते. चल, म्हणजे व्हेरिएबल (प्रोग्राममध्ये किंमत ठेवायला दिलेलं नाव), शिकवताना मी कित्येक वर्षं घरचा स्टीलचा डबा वर्गात न्यायचे. डब्याला चिकटपट्टी, पट्टीवर मार्करने लिहिलेला 'ए', आत पाच शेंगदाणे. "हा ए, आणि यात पाच." पोरं हसायची, तास हलका जायचा. मला हे माझ्या सरांनी असंच शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या पुस्तकाने.

पाच-सहा वर्षांपूर्वी प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. समोर टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरचा तो निळा पडदा, बाजूला बाह्य परीक्षक, त्यांच्यासमोर चहा आणि बिस्किटं. एका मुलाला तोंडी विचारलं, आधीच्या ओळीत ए = ५ लिहिलंय, पुढच्या ओळीत ए = ७ लिहिलंय, आता ए मध्ये काय आहे? उत्तर हवं होतं नुसतं 'सात', कारण नवी किंमत आली की जुनी पुसली जाते. तो म्हणाला, "पाच आणि सात." परीक्षक हसले. मी म्हटलं, अरे, असं कसं? पोरगं गडबडलं नाही. मलाच समजावून सांगावं तसं म्हणालं, "मॅडम, डब्यात एक पोळी असताना वर दुसरी ठेवली तर पहिली कुठं जाईल? डब्यात दोन पोळ्या राहतात."

दहापैकी तीन मार्क पडले त्याला. एस.टी.ने घरी येताना मी त्याच्या बोलण्यात चूक शोधत होते आणि ती सापडेना. डबा माझा होता. शेंगदाणेही माझेच.

हा घोटाळा येवल्याच्या एका बाईच्या वर्गातच होतो असं मला वाटायचं. पुढे कधीतरी शोधता शोधता एक शोधनिबंध हाती लागला. फेलिएन हर्मन्स नावाच्या डच प्राध्यापिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१८ सालचा. विषय काय, तर नवशिक्यांना चल समजावताना 'डबा' म्हणावं की 'चिठ्ठी', म्हणजे नावाची पट्टी! सुमारे पाचशे जणांवर त्यांनी प्रयोग केला. काहींना डबा सांगितला, काहींना चिठ्ठी, आणि मग प्रश्न विचारले. सोप्या प्रश्नांत डबेवाले बरे निघाले. पण एकाच चलाला दोनदा किंमत दिली की त्याच डबेवाल्यांना आत दोन्ही किमती दिसायला लागल्या. माझ्या त्या पोराच्या पोळ्या तिकडे हॉलंडात कुणीतरी मोजून ठेवल्या होत्या.

मला तो निबंध वाचून आनंद झाला आणि थोडा रागही आला. चोवीस वर्षांत आमच्या कोणत्याही उजळणी वर्गात मला हे कुणी सांगितलं नाही. नवीन कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करणारं सॉफ्टवेअर) कसा टाकायचा हे सांगितलं, हजेरी ऑनलाइन कशी भरायची हेही.

मग मी या माणसांच्या मागेच लागले. हर्मन्स बाईंची पीएच.डी. डेल्फ्टची, विषय स्प्रेडशीट, म्हणजे आपलं एक्सेल. हिशेबनिसाच्या टेबलावरचं साधन तांत्रिक अभ्यासाचा विषय होऊ शकतं असं मानणारी बाई. त्या शनिवारी लहान मुलांना प्रोग्रामिंग शिकवायला लागल्या. त्या स्वतः लहानपणी आपल्या आपण खटपट करून शिकल्या होत्या, तेव्हा मुलंही तशीच शिकतील, असं त्यांनी धरलं होतं. मुलं तशी शिकली नाहीत. हे त्यांनी जाहीर भाषणांतून मोकळेपणाने सांगितलंय. आपल्याकडे किती प्राध्यापक भर सभेत म्हणतील की माझी शिकवण्याची पद्धत चुकत होती? २०१८ मध्ये त्या लायडन विद्यापीठात गेल्या आणि तिथे त्यांचा प्रोग्रामिंग शिक्षणाच्या संशोधनाचा गट उभा राहिला. गटाचं नाव पर्ल. (जुन्या मंडळींना त्या नावाची प्रोग्रामिंगची भाषा आठवून हसू येईल.) लायडन म्हणजे १५७५ सालचं विद्यापीठ. आणि हा गट बसत होता कुठे, तर तिथल्या संगणकशास्त्राच्या संस्थेत. अल्गोरिदमवाले, डेटाबेसवाले यांच्या शेजारी. २०२२ मध्ये बाई ॲमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. तिथेही त्यांचं पद संगणकशास्त्राच्या शिक्षणाचंच.

या पत्रात मला यंत्रांपेक्षा माणसांबद्दल लिहायचंय, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. विद्यापीठात शिकवत असतानाच हर्मन्स बाई रॉटरडॅमच्या एका माध्यमिक शाळेत बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवायलाही जायच्या. तिथे पोरं पायथॉन नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहिताना अवतरणचिन्ह विसरायची, कंस विसरायची, आणि संगणक इंग्रजीत त्यांच्यावर खेकसायचा. त्यांच्या डोक्यात आलं की लिहायला शिकवताना आपण असं करतो का? पहिलीच्या मुलाने पूर्णविराम विसरला म्हणून त्याची पाटी कोणी फेकून देतं का? आधी अक्षरं, मग शब्द, मग विरामचिन्हं. यातून २०२० मध्ये 'हेडी' नावाची भाषा तयार झाली. पहिल्या पायरीवर कंस नाही, अवतरणचिन्ह नाही, नुसतं 'छाप' म्हणायचं आणि पुढे हवं ते लिहायचं. काही पायऱ्यांनंतर अवतरणचिन्ह येतं, मग हळूहळू बाकीचं, आणि शेवटी मूल खऱ्या पायथॉनपाशी येऊन उभं राहतं. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालते, आज्ञा अरबी, हिंदी अशा अनेक भाषांतून देता येतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. आमच्या बाईंनी 'अ आ इ ई' आधी घोकून घेतलं नाही. त्यांनी 'ग म भ न' पासून सुरुवात केली. चार सोपी वळणं, की लगेच 'मग', 'नभ', 'गगन' वाचता येतं. काना-मात्रा नंतर, जोडाक्षरं तर कितीतरी नंतर. 'ज्ञ' आणि 'क्ष' पहिल्या दिवशी फळ्यावर आले असते तर निम्मा वर्ग शेतात पळाला असता. मी मात्र पहिल्याच तासाला पोरांसमोर काय ठेवते? हॅश, इन्क्लूड, कोनी कंस, एसटीडीआयओ डॉट एच, व्हॉइड, मेन, महिरपी कंस. एका 'नमस्कार' साठी सहा ओळी जोडाक्षरं! आणि वर म्हणायचं, "हे सध्या असंच लिहा, अर्थ पुढच्या सेमिस्टरला कळेल." पुढच्या सेमिस्टरला तो कळतो का, हे मी कधी तपासलं नव्हतं.

या मंडळींचं दुसरं एक काम मला फार आवडलं. मुलांनी कोड, म्हणजे प्रोग्रामच्या ओळी, मोठ्याने वाचला तर काय होतं, हे त्यांनी पाहिलं. नऊ ते तेरा वर्षांची ४९ मुलं, पायथॉनचे धडे. एका गटाने कोड मोठ्याने म्हटला, दुसऱ्याने नाही. मोठ्याने म्हणणाऱ्यांना तो जास्त नीट लक्षात राहिला. आपल्याला याचं काय नवल? ओसरीवर बसून पावकी-निमकी म्हणणाऱ्या पिढ्यांचे आपण नातू. पण पाढे म्हणून घेणाऱ्या मास्तरांकडे ते मोजून दाखवण्याची सोय नव्हती आणि माझ्या पिढीने ते 'घोकंपट्टी' म्हणून मोडीत काढलं.

मी वर्गात कोड मोठ्याने वाचून घ्यायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कानावर आली, जी चोवीस वर्षं डोळ्यांना दिसली नव्हती. 'ए = ए + १' ही ओळ सगळी मुलं 'ए बरोबर ए अधिक एक' अशी वाचतात. आता दहावीपर्यंत बीजगणितात घासलेल्या मुलाने हे ऐकलं की त्याचा हात आपोआप दोन्हीकडचा ए वजा करायला जातो. उरतं काय, शून्य बरोबर एक. एक मुलगी खरंच वहीच्या मार्जिनमध्ये हे करून बसली होती, आणि खाली प्रश्नचिन्ह काढलं होतं. आपल्या भाषेतला 'बरोबर' तर दुहेरी. 'समान' असाही आणि 'योग्य' असाही. मुलांना वाटतं, ही ओळ काहीतरी खरं विधान करतेय. आता आम्ही 'ए बरोबर' म्हणायचं बंद केलंय. 'ए आता झाला, आधीचा ए अधिक एक.' जरा लांबतं, पण 'आता' आणि 'आधीचा' या दोन शब्दांनी काम होतं.

डबाही मी बंद केला. पण 'चिठ्ठी' आमच्या पोरांना लागू पडेना. शेवटी पर्याय बाजार समितीत सापडला. आमच्या वर्गातली निम्मी पोरं कांदा लावणाऱ्या घरांतली. लासलगाव इथून तासाभरावर. भावाचा फळा त्यांनी लहानपणापासून बघितलेला. किमान, कमाल, सरासरी. नवा भाव आला की जुना पुसायचा आणि त्याच जागी नवा लिहायचा. एका रकान्यात दोन भाव कधीच नसतात. असते तर दंगल होईल. मी वर्गात फळ्यावर तीन रकाने आखले, आकडे लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले. मग विचारलं, वडिलांनी सकाळी कमाल भाव चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवला, दुपारी फळ्यावरचा भाव पडला, चिठ्ठीवरचा पडेल का? सगळा वर्ग ओरडला, "नाही!" बी = ए (ए ची आत्ताची किंमत बी मध्ये उतरवायची, मग ए बदलला तरी बी तसाच राहतो) हा प्रकार, जो शिकवायला मला दोन तास लागायचे आणि तरी केटी लागायच्या, तो त्या दिवशी दहा मिनिटांत संपला. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर येतायत, त्यांतला सर्वांत मोठा भाव कसा शोधायचा, हे मागच्या बाकावरच्या एकाने स्वतः सांगितलं. "पहिला भाव लिहायचा. पुढचा जास्त आला तरच पुसायचा." लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणं) आणि इफ (अट घालणं) अजून शिकवायचे होते.

म्हणून माझा फळा सरसकट चांगला, असं मी म्हणणार नाही. मला ते माहीतच नाही! एका वर्गाचा अनुभव आहे, तो माझ्या उत्साहाचाही परिणाम असेल. नाशिक शहरातल्या मुलांना कदाचित हा फळा डब्यापेक्षाही वाईट ठरेल. तपासायचं तर दोन तुकड्या हव्यात, आधी ठरवलेले प्रश्न हवेत, आकडे मांडता येणारं कुणी हवं. माझ्यासारखीला सबमिशन, जर्नल तपासणी, प्रवेशाची कामं आणि निवडणूक ड्यूटी यांतून ते कधी होणार?

शिक्षकाला आपल्या वर्गाचं सगळं माहीत असतं हाही एक भ्रमच. इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठाच्या गटाने हे दाखवून दिलंय. जावा शिकण्यासाठी त्यांचं 'ब्लूजे' नावाचं साधन आहे. ते वापरणाऱ्यांपैकी ज्यांनी परवानगी दिली त्यांच्या चुकांची नोंद होत राहते. नील ब्राउन आणि अमजद अल्तादम्री यांनी अडीच लाखांहून जास्त विद्यार्थ्यांची ३ कोटी ७० लाख कंपायलेशन, म्हणजे प्रोग्राम कंपायलरला दिल्याच्या खेपा, तपासली. त्याआधी त्यांनी शिक्षकांना विचारलं होतं, पोरं कोणत्या चुका सर्वांत जास्त करतात? शिक्षकांचे अंदाज प्रत्यक्ष नोंदींशी फारसे जुळले नाहीत. इतकंच काय, शिक्षकांचं आपसातही एकमत नव्हतं. हे वाचल्यावर मी स्टाफरूममध्ये आम्हा पाच जणांना हाच प्रश्न विचारला. पाच उत्तरं आली. एक सर म्हणाले, "मुलं अभ्यासच करत नाहीत, हीच चूक." त्यावर चर्चा संपली.

आता कुणी म्हणेल, हे सगळं परदेशातलं. तसं नाही. पवईला आयआयटी मुंबईत २०१० पासून शिक्षण तंत्रज्ञानात पीएच.डी. करता येते. श्रीधर अय्यर आणि सहाना मूर्ती यांच्या गटाचा २०१३ चा एक अभ्यास मी दोनदा वाचलाय. प्रोग्रामिंगच्या पहिल्या वर्षाचा मोठा वर्ग. शिक्षक प्रश्न टाकणार, आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग सगळ्या वर्गात चर्चा. दहा आठवडे, अशा तेरा खेपा. निष्कर्ष असा की सरासरी ८३ टक्के मुलं कामात पूर्ण किंवा बरीचशी गुंतलेली होती. मला आकड्यापेक्षा त्यामागची मेहनत दिसते. कुणीतरी त्या वर्गात फळ्याकडे न बघता मुलांकडे बघत बसलं असणार. हा लिहितोय, ही शेजारणीशी बोलतेय, तो खिडकीबाहेर बघतोय, अशा खुणा करत. दहा आठवडे! कॉलेजात 'निरीक्षण' म्हटलं की आमच्याकडे भरारी पथक येतं. ही माणसं कॉपी पकडायला नव्हती आली.

याच विभागात एका संशोधकाने हिंदी माध्यमातून आलेल्या मुलांना प्रोग्रामिंग कोणत्या भाषेतून शिकवावं, वर्गात काय आणि व्हिडिओतून काय, यावर पीएच.डी.चं काम केलंय. पवईलाच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठीतूनही. धडा तयार होताना तो विषय न येणाऱ्या माणसाला दाखवून तपासला जातो, हे कळल्यावर मी त्या प्रकल्पाला मनातल्या मनात हात जोडले. आमची पाठ्यपुस्तकं छापण्याआधी एखाद्या नापास झालेल्या मुलाला दाखवली असती तर?

पण पवई म्हणजे पवई. महाराष्ट्रात प्रोग्रामिंग शिकणारी बहुसंख्य मुलं राज्य विद्यापीठांच्या कॉलेजांत आणि आमच्यासारख्या तंत्रनिकेतनांत आहेत, आणि त्यांच्यातली कितीतरी मराठी माध्यमातून आलेली. त्यांच्या चुका कोण मोजतं?

माझा स्वतःचा अनुभव सांगते, संस्थेचं नाव घेत नाही. पोळीच्या प्रसंगानंतर मी पोरांच्या चुका वहीत उतरवायला लागले. मूळ ओळ, पोराने सांगितलेलं कारण, त्याचं दहावीचं माध्यम. त्याच शब्दांत, न सुधारता. स्कॅनएफ या किंमत वाचून घेणाऱ्या आज्ञेतला अँपरसँड (&) विसरणं, फॉर या पुन्हा पुन्हा करायला सांगणाऱ्या ओळीपुढे नको तिथे अर्धविराम ठोकून देणं हे तर झालंच, पण कारणं वाचण्यासारखी आहेत. "वाक्य संपलं म्हणून अर्धविराम दिला." बरोबरच आहे की त्याचं! दोन वर्षांनी यावर छोटा संशोधन प्रस्ताव तयार केला. मागितले होते पंचाहत्तर हजार रुपये, त्यात बरेचसे प्रवासाचे, कारण चार कॉलेजांत जायचं होतं. संगणकशास्त्राच्या समितीने शेरा मारला, 'विषय संगणकशास्त्राचा नाही, शिक्षणशास्त्राकडे पाठवावा.' शिक्षणशास्त्राकडे पाठवला. तिथून आठ महिन्यांनी आला, 'विषय तांत्रिक स्वरूपाचा आहे, संबंधित शाखेकडे पाठवावा.' दोन्ही शेरे मी एकाच फाइलीला टाचून ठेवलेत. एक सहकारी म्हणाले, "मॅडम, हे बी.एड.वाल्यांचं काम. तुम्ही इमेज प्रोसेसिंगवर लिहा, चटकन छापून येईल." चटकन कसं छापून येतं हेही आम्हा सगळ्यांना माहीत आहे, ते लिहायला लागले तर दुसरं पत्र होईल.

लायडनची बाई संगणकशास्त्राच्या संस्थेत बसत होती, हे मी वर का लिहिलं ते आता लक्षात आलं असेल. पाचशे जणांचा प्रयोग फार खर्चाचा नसतो. पण तो करणाऱ्या माणसाला 'तू आमच्यातली नाहीस' असं दोन्ही दारांतून कुणी सांगत नव्हतं.

तेव्हा तिसरीच्या अभ्यासक्रमावर जो काही पैसा खर्च होईल तो होवो, फीत कापणाऱ्यांचे फोटो आपण छापालच. राज्यातल्या एखाद्या तरी विद्यापीठाने संगणकशास्त्र विभागात एक पद काढावं. एक खोली, एक कपाट, दोन संशोधक विद्यार्थी, आणि आठवड्यातून एक दिवस शाळेत जाऊन शिकवण्याची अट. शाळेत जायला तयार नसेल त्याला घेऊ नये. जर्नल चॅटजीपीटीकडून लिहून आणणाऱ्या मुलांच्या जमान्यात याची गरज काय, असं विचारणाऱ्यांना मी माझ्या वर्गात बसायला बोलावते. यंत्राने लिहिलेला कोड घेऊन पोरं येतात, मी विचारते, या ओळीनंतर बी किती? आणि उत्तर येतं, "दोन्ही, मॅडम."

माझ्याकडे अशा चुकांच्या अकरा वह्या भरल्यात. मुलांची नावं त्यांत नाहीत. निवृत्तीला सात वर्षं आहेत. ज्या विद्यापीठाला हव्या असतील त्यांनी आपल्यामार्फत कळवावं, मी स्वतः आणून देईन. एस.टी.चं भाडं माझं. फक्त त्या कोणत्या विभागात जमा करायच्या, ते आधी ठरवून ठेवावं.

आपली,
तंत्रनिकेतनातील एक अधिव्याख्याती
येवला, जि. नाशिक
(नाव छापू नये, ही विनंती.)